काळ्या चौकटीतली जिवंत माणसं

केबलवाल्या बाईला सगळ्यात जास्त शिव्या कधी पडतात, सांगा बघू? तुम्ही म्हणाल, सिनेमाचा शेवट चालू असताना वायर तुटली की. नाही. क्रिकेटच्या शेवटच्या ओव्हरला चित्र गेलं की? तेव्हाही पडतात, पण त्या सवयीच्या. मला जन्मातल्या सगळ्यात जास्त शिव्या पडल्या त्या मी स्वतःच्या हातानं, मोठ्या भक्तिभावानं, दोन मिनिटं बटण बंद ठेवलं तेव्हा. एका गाणाऱ्या पोराच्या श्रद्धांजलीसाठी! आणि त्याच दिवशी, त्याच श्रद्धांजलीपायी, माझ्या हातून जी खरी चूक झाली, तिच्याबद्दल मला कुणी एक शिवीसुद्धा दिली नाही. म्हणून ती अजून टोचते.

या अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, "मावशी, चौदा वर्षं केबल चालवलीत, त्यावर लिहा. पण अथपासून इतिपर्यंत नको हं." मी म्हटलं, बरं झालं. अथ तर माझा नव्हताच, दिराचा होता. धाकट्या दिरानं हैदराबादेत, बरकतपुऱ्यात आमच्या गच्चीवर ती भलीमोठी छत्री बसवली. देशाची दारं उघडली असं पेपरात रोज यायचं तेव्हा. कोपऱ्यावरच्या दुकानात परदेशी थंड पेयं आली, लोकांच्या घरी रंगीत टीव्ही आले, आणि आमच्या गच्चीवर छत्री आली. सहा महिन्यांत दिराला गल्फची नोकरी लागली. म्हणाला, "वहिनी, दोन महिने सांभाळा, मग माणूस बघतो." त्या दोन महिन्यांचीच चौदा वर्षं झाली. आमचे हे पाटबंधारे खात्यात. फायलीखेरीज कशाला हात लावायचे नाहीत. मी मॅट्रिकला बसलेसुद्धा नव्हते, पण शिलाईचं यंत्र उघडून परत बसवायची सवय होती. म्हटलं, हेही यंत्रच आहे, उघडून बघू.

धंदा काय असतो, थोडक्यात सांगते. गच्चीवरची छत्री आभाळातून चित्रं पकडते. आमच्या मागच्या खोलीत यंत्रांची मांडणी असायची, प्रत्येक चॅनलला एक डबा. ते सगळे डबे मिळून एकाच वायरीत चित्रं ओततात, आणि ती वायर गच्चीवरून गच्चीवर, विजेच्या खांबावरून, कडुलिंबावरून, कुणाच्या कपडे वाळवायच्या दांडीवरून अंबरपेठेच्या हद्दीपर्यंत जाते. लांब गेली की चित्राला मुंग्या येतात. मग मधे जोर देणारा डबा लावायचा. वायर सोलणं, टोक बसवणं, पदर खोचून शिडी चढणं, सगळं मी केलं. सुरुवातीला लोक हसायचे. नंतर शिडी धरायचे.

या सगळ्यात माझा स्वतःचा असा एक चॅनल होता. तीन नंबर. आभाळातून न येणारा, माझ्या खोलीतल्या व्हीसीआरमधून निघणारा. सकाळी भजनं, दुपारी सिनेमा, आणि मधे मधे मोहल्ल्याच्या बातम्या. पाणी उद्या येणार नाही, अमक्याची गाय हरवली, तमक्याच्या बाळाचा वाढदिवस. यासाठी मोठ्या केबलवाल्यांकडे कॉम्प्युटर होते. माझ्याकडे पुठ्ठे होते! गुलाबी पुठ्ठा वाढदिवसाचा, त्यावर फुगे. काळा पुठ्ठा निधनाचा. त्याला मधे चौकोनी खिडकी कापलेली, वर हिंदी, तेलुगू आणि उर्दूत "श्रद्धांजली", खाली मी रंगवलेली पणती. खिडकीमागे फोटो धरायचा, खाली नावाची पट्टी सरकवायची, समोर तिकाटण्यावर कॅमेरा, आणि मनातल्या मनात दहा मोजायचे. झाली बातमी. ती टेप सिनेमाच्या मधे लावायची.

आणि एक नियम होता. निधनाची बातमी घरातल्या माणसाच्या सहीची चिठ्ठी आल्याशिवाय लावायची नाही. एकदा एका टवाळ पोरानं फोन करून स्वतःच्या मास्तरांना मारलं होतं. मास्तर दुसऱ्या दिवशी माझ्या दारात छडी घेऊन उभे! तेव्हापासून नियम. या नियमाचं सगळ्यात जास्त कौतुक कुणी केलं असेल तर वकीलसाहेबांनी.

हे वकीलसाहेब म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतले. तीन पिढ्या वकिली. आजोबा निजामाच्या काळातले. घरात उर्दू कागदपत्रांचं कपाट, आणि बोलणं असं की भाजीवालीशीसुद्धा कलम लावून बोलतील. त्यांच्या पत्नी इंदूताई, शांत बाई. एकुलती मुलगी सुमन. ही सुमन म्हणजे आमच्या भागातली जॉनी नवाबची पहिली भक्त.

जॉनी नवाब नव्या मुलांना ठाऊक नसेल. सिकंदराबादचा पोरगा. पांढरी शेरवानी, खाली कॅनव्हासचे बूट, डोळ्यांवर काळा गॉगल. हिंदीत गायचा, पण मधेच आपलं दखनी घुसवायचा, "नक्को" आणि "हौ" असलेली गाणी. सगळ्या देशातली पोरं "नक्को नक्को" म्हणत नाचायला लागली तेव्हा आम्हाला काय वाटलं म्हणून सांगू! आपली बोली टीव्हीवर! आणि मी तर जास्तच फुगलेली, कारण तो कुणालाच माहीत नव्हता तेव्हा अंबरपेठेच्या गणपतीत त्यानं तीन गाणी म्हटली होती आणि मी ती कॅमेऱ्यात भरून तीन नंबरवर दाखवली होती. ती टेप जगात फक्त माझ्याकडे होती. आहे म्हणा अजून.

सुमननं कॉलेजातल्या मुलींना घेऊन नवाबचा क्लब काढला. पुढे नवाबच्या एका कार्यक्रमाच्या रांगेत तिला एक तेलुगू मुलगा भेटला, कुकटपल्लीच्या कारखान्यात सुपरवायझर. सरळ, कष्टाळू मुलगा. वकीलसाहेबांनी नाही म्हटलं. सुमननं लग्न केलं. झालं! त्या दिवशी वकीलसाहेबांनी तीन गोष्टी केल्या. मुलगी आम्हाला मेली असं चारचौघांत सांगितलं. फोनच्या तबकडीला बारीक कुलूप लावलं. त्या काळी मिळायचं तसं, म्हणजे इंदूताईंनी फोन करायला नको. आणि बागेतली कातर घेऊन गच्चीवर जाऊन केबल कापली. कापलेला तुकडा नीट गुंडाळून माझ्याकडे घेऊन आले. "ही आपली मालमत्ता. परत करतोय. त्या बेसुऱ्या नवाबानं माझं घर मोडलं, आणि तो माझ्या घरात तुमच्या या वायरीतून आला." मी म्हटलं, "वकीलसाहेब, वायरीतून रोज सकाळी विष्णुसहस्रनामही येतं." ते म्हणाले, "ते मला पाठ आहे."

या गोष्टीला दोन वर्षं झाली आणि एका सकाळी, भजनांची टेप बदलत होते तेव्हा, फोन वाजला.

"आंटी, जॉनी नवाब का सुने क्या?"

विजयवाड्याहून कार्यक्रम करून येताना हायवेवर गाडी उलटली. जागीच गेला. मी फोन ठेवते न ठेवते तो दुसरा वाजला, मग तिसरा. बातम्यांचा चॅनल लावला तर पांढऱ्या शेरवानीतला फोटो. आणि मी डोळे पुसून वळते तो खोलीत माणसं! दाराला कडी लावायची सोयच राहिली नाही. क्लबच्या मुली, त्यांची पुढारी फरीदा, रडून नाक लाल. टायरचं पंक्चर काढणारा यादगिरी, हात काळे तसेच. बेकरीवाले सलीमभाई. दोन रिक्षावाले, रिक्षा रस्त्यात आडव्या सोडून.

"आंटी, गणपती का टेप लगाओ!"

"पैले वो बिर्यानीवाला गाना!"

"कैकू बिर्यानीवाला? मय्यत का दिन है आज, कुछ शर्म है की नई?"

"अरे उसकोच तो पसंद था वो गाना!"

"मरा नई आंटी वो," एक रिक्षावाला मला बाजूला घेऊन सांगतो, "दुबई में है. पब्लिसिटी है ये सब. मेरे साले ने देखा."

"तेरे साले ने कब देखा?"

"पिछले महिने."

"अरे हौले, पिछले महिने तो जिंदा था ना!"

रडताहेत, भांडताहेत, गातही आहेत. मी इतक्या वर्षांत शेकडो बातम्या लावल्या, पण घराघरातून एकच गाणं ऐकू येतंय असं कधी झालं नव्हतं. मी गणपतीची टेप लावली. तीन नंबरवर नवाब आला, विशीतला, गॉगल नसलेला, गणपतीच्या आरसेमहालापुढे घाबरून माइक दोन हातांनी धरलेला. रस्त्यावरून आवाज आला. टाळ्या! लोक आपापल्या घरात बसून टीव्हीला टाळ्या वाजवत होते आणि त्या टाळ्या एकमेकांना ऐकू येत होत्या. तेव्हा मला वाटलं, बाई गं, ही वायर तू टाकलीस.

त्या भरातच यादगिरी उभा राहिला. "आंटी, दोन मिनिटांचं मौन पाळायचं. बारा वाजता. सगळे चॅनल बंद."

मलाही ते भारी वाटलं. बारा वाजता मी मुख्य बटण बंद केलं. खोलीत आम्ही सगळे माना खाली घालून उभे. अर्धं मिनिट शांतता. मग पहिली आरोळी, समोरच्या गच्चीवरून: "आंटीऽऽ, केबल गया!" मग चौफेर. सगळ्या गल्ल्या बाल्कन्यांत आल्या. फोन तर थांबेच ना. शेजारच्या तेलुगू बाई राज्यलक्ष्मीगारू खिडकीतून ओरडत होत्या, "एमंडी, अहो, माझ्या सीरियलीचं लग्न लागत होतं! मंगळसूत्र हातात घेतलं आणि तुम्ही बंद केलं!" यादगिरी खिडकीतून हात जोडून ओरडला, "अम्मा, मौन! नवाब पोयाडु! मौन!" त्या म्हणाल्या, "तो गेला तर गेला, हिचं लग्न राहिलं ना!" खाली एक म्हातारेबुवा तर शिडी घेऊनच आले होते, वायर कुठे तुटली बघायला. दोन मिनिटं मी कशी काढली ती मला ठाऊक. बटण चालू केलं तेव्हा त्या सीरियलीतलं लग्न लागून नवरी सासरीही पोचली होती.

इथवर हसा तुम्ही. आम्हीही हसलो, रडता रडता.

मग फोटोंचं काम निघालं. आपल्या हैदराबादची रीत तुम्हाला माहीत आहे. चौकात पुढाऱ्याचा फलक लागतो तेव्हा पुढारी मोठा, आणि खाली बोराएवढाले चेहरे, शुभेच्छा देणाऱ्यांचे. प्रत्येकाला आपला चेहरा हवा. श्रद्धांजलीतही हवा. सगळ्यांनी खिशातून, पाकिटातून, कॉलेजच्या ओळखपत्रावरून फोटो काढले. "आंटी, मेरा भी." "आंटी, मेरा नाम बड़ा लिखना." फरीदानं क्लबच्या वहीतून सुमनचा फोटो सोडवून आणला, दोन वेण्यांचा. "आंटी, सुमन का पैले लगाना. उनोच बनाए सो क्लब है ये." मी म्हटलं, लावते. पोरीचा मान आहे.

आता चूक कशी झाली ते ऐका. काळ्या पुठ्ठ्याला खिडकी एकच. मी त्यात आधी नवाबचा फोटो धरला, खाली त्याचं नाव, दहा मोजले. मग त्याच पुठ्ठ्यात, त्याच खिडकीत, एकामागून एक भक्तांचे फोटो. पहिली सुमन, मग यादगिरी, मग सलीमभाई, आणि असे पंधरा-वीस. प्रत्येकाच्या खाली नाव आणि मोहल्ला. वेगळा पुठ्ठा कापायला वेळ कुणाला होता? मी टेप लावून पहिल्यापासून बघितली. अगदी बरोबर वाटली: आधी गेलेला, मग त्याला रडणारे. शाबासकी दिली स्वतःला. गणपतीची गाणी, मग ही श्रद्धांजली, परत गाणी, अशी फिरती लावून दिली.

पण टीव्ही पहिल्यापासून कोण बघतो? मी खोलीत बसून बघते, म्हणून मला आरंभ दिसतो. घरातला माणूस हात पुसत येतो, बटण दाबतो आणि मधूनच बघायला लागतो. आणि मधूनच बघणाऱ्याला काय दिसलं? काळी चौकट, वर श्रद्धांजली, खाली पणती, आणि मधे यादगिरी.

पहिला फोन आला. "आंटी, यादगिरी कब गया? सुबह तो मेरा ट्यूब लगाया!"

यादगिरी माझ्यासमोर उकिडवा बसून चहा पीत होता. मी रिसीव्हर त्याच्या हातात दिला. "घे, तूच सांग."

"हॅलो, हौ, मैं यादगिरी," तो म्हणाला. "नई भई, नई मरा. चाय पी रहा हूं." पलीकडून काय आलं कोण जाणे, तो फोन लांब धरून म्हणाला, "आंटी, वो बोलता, तू झूठ बोलता!"

हसून हसून आमची पुरेवाट झाली. सलीमभाईंच्या बेकरीवर तर कुणी हार घेऊन गेलं म्हणे. तेव्हाच, त्या पहिल्या फोनलाच, मी उठून टेप काढायला हवी होती. फरीदा म्हणालीसुद्धा, "आंटी, बदल दो ना." मी काय म्हणाले? "हे गाणं संपू दे, मग काढते." गणपतीतलं तिसरं गाणं होतं. मला फार आवडायचं.

गाणं संपलं नाही तोच दारात वकीलसाहेब.

मी त्यांना कोटाशिवाय कधी पाहिलं नव्हतं. ते बनियनवर होते. पायात काही नाही. भिंतीला हात लावून उभे, आणि खोलीतले दहा-बारा जण हसताहेत ते त्यांना दिसतही नव्हतं.

"चिठ्ठी," ते म्हणाले.

"कसली चिठ्ठी, वकीलसाहेब?"

"तुमचा नियम आहे. घरच्या माणसाच्या सहीशिवाय तुम्ही लावत नाही. कुणाची सही आहे? त्याची? कधी झालं? काय झालं तिला?"

मला अजून उमगलं नव्हतं, इतकी मी हसण्यात होते. मग त्यांची नजर जिथे लागली होती तिथे मी पाहिलं. आमच्या छोट्या टीव्हीवर काळ्या चौकटीत दोन वेण्यांची सुमन, खाली पणती. मी दहा मोजले होते ना, तेवढा वेळ ती तिथे राहिली.

त्यांच्या घरी केबल नव्हती. इंदूताई दुपारी राज्यलक्ष्मीगारूंकडे सीरियल बघायला जायच्या, नवऱ्याला न सांगता. तिथे राज्यलक्ष्मीगारूंनी चॅनल फिरवला आणि मधूनच सुमन आली. त्यांनीच धावत जाऊन वकीलसाहेबांना सांगितलं. आणि वकीलसाहेबांनी विश्वास ठेवला तो माझ्या नियमावर. त्यांना कौतुक होतं ना त्या नियमाचं.

"साहेब, जिवंत आहे सुमन. माझी चूक झाली. ती नवाबला श्रद्धांजली देतेय. म्हणजे फोटो देतोय. म्हणजे क्लबचा…"

"मला समजूत घालू नका," ते म्हणाले. आवाज अगदी हळू. "पस्तीस वर्षं कोर्टात बायका अशाच बोलताना ऐकल्यात. चिठ्ठी दाखवा."

तेव्हा मला एक गोष्ट उघड करावी लागली, जी मी दोन वर्षं कुणाला सांगितली नव्हती. सुमन मला फोन करायची. महिन्यातून एखादा. "मावशी, आईनं चष्मा बदलला का? अण्णांचा खोकला कसा आहे? गच्चीवर मोगरा आहे का अजून?" एवढंच विचारायची. तिच्याकडे फोन नव्हता. शेजारच्या बाईंच्या घरचा नंबर मला देऊन ठेवला होता, काही झालं तर म्हणून. मी वकीलसाहेबांसमोर तो नंबर फिरवला. पहिल्यांदा लागला नाही. दुसऱ्यांदाही नाही. त्या दिवशी सगळं शहर एकमेकांना फोन करत होतं! वकीलसाहेब माझ्या बोटाकडे बघत होते. तिसऱ्यांदा लागला.

"सुमन उंदा अंडी?" मी विचारलं. सुमन आहे का?

"उंदम्मा," पलीकडची बाई म्हणाली, "पोद्दुन्नुंची एडुस्तोंदि." आहे, सकाळपासून रडतेय.

मी रिसीव्हर वकीलसाहेबांच्या कानाला लावला. त्यांनी तो दोन हातांनी धरला, अगदी त्या गणपतीतल्या नवाबनं माइक धरावा तसा. ती बाई तिला बोलवायला गेली. खोलीत सगळे उभे. यादगिरीनं टीव्हीचा आवाज बंद केला.

मग एवढ्या लांबून, वायरीतून, हुंदका आला. आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "मावशी? मावशी, गेला हो आपला नवाब!"

"सुमे," वकीलसाहेब म्हणाले.

मग घाबरा आवाज, "अण्णा? आईला काय झालं?"

"आईला काही नाही."

"मग तुम्ही कसा फोन केलात?"

जन्मभर उत्तरं दिलेला माणूस. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, जणू कुणी तरी पुढचं वाक्य सांगेल. मग म्हणाले, "रडत होतीस म्हणे सकाळपासून."

"अण्णा, नवाब गेला."

मला वाटलं, आता काही तरी लागट बोलतील. बेसुरा म्हणतील, घर मोडलं म्हणतील. ते म्हणाले, "हो, कळलं मला. वाईट झालं. फार वाईट झालं. तरुण होता." मग लगेच, "जेवलीस का?"

फरीदानं ओढणी तोंडात कोंबली. सलीमभाई भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. यादगिरी तर भोकाड पसरून रडायला लागला, नवाबसाठी रडला नव्हता इतका. आणि मी? मी आनंदानं नुसती नाचत होते हो! मनात म्हणत होते, बघ, तुझ्या चुकीनं काम केलं! चुकीचं चीज झालं! सगळ्यांना परत चहा ओतला. वकीलसाहेब फोनवर हळूहळू बोलत होते, खोकल्याबद्दल, मोगऱ्याबद्दल. आम्ही ऐकत नसल्यासारखं ऐकत होतो.

तेवढ्यात राज्यलक्ष्मीगारू दारात आल्या. धापा टाकत.

"एमंडी, काय झालं ते सांगाल का कुणी? इंदम्मा तिथेच बसल्यात. हलत नाहीत. मी टीव्ही बंद करायला गेले तर हात धरला. म्हणाल्या, बंद करू नका, ती परत येईल."

मी टीव्हीकडे पाहिलं. आवाज बंद, पण टेप चालूच होती. काळी चौकट. दोन वेण्या. पणती.

आम्हा बारा शहाण्यांपैकी कुणालाही सुचलं नव्हतं की आईला जाऊन सांगावं. मला तर टेप काढायचीही शुद्ध नव्हती. मी चहा ओतत होते आणि माझ्या वायरीतून, माझ्याच खोलीतून, त्या बाईला तिची मेलेली मुलगी पुन्हा पुन्हा दाखवली जात होती. आणि ती बाई बघत होती, कारण दोन वर्षांत तिनं मुलीचा चेहरा पाहिला नव्हता.

मी व्हीसीआरचं बटण दाबलं ते इतक्या जोरात की टेप आत अडकून शेवयांसारखी बाहेर आली. ती तशीच लोंबत टाकून पळाले. वकीलसाहेब अनवाणी माझ्या मागे, फोन फरीदाच्या हातात देऊन. राज्यलक्ष्मीगारूंच्या बैठकीत इंदूताई वेताच्या बसक्या मोड्यावर बसल्या होत्या. टीव्हीवर आता नुसत्या मुंग्या. त्या मुंग्यांकडेच बघत होत्या.

"इंदूताई, जिवंत आहे. बोलली आत्ता. साहेबांशी बोलली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. नवऱ्याकडे पाहिलं. वकीलसाहेब खाली जमिनीवर बसले, बनियनवर, आणि म्हणाले, "जेवली नाही अजून. मी सांगितलं जेव म्हणून." तेव्हा कुठे इंदूताईंनी पदर डोळ्याला लावला.

कुणी मला बोललं नाही. वकीलसाहेब कायद्यानं मला कुठल्या कुठे नेऊ शकले असते. उलट दुसऱ्या दिवशी येऊन माझे आभार मानून गेले, आणि मला ते शिव्यांपेक्षा जड गेले. त्याच दिवशी मी नवा पुठ्ठा कापला, दोन खिडक्यांचा, गेलेल्याला वेगळी आणि रडणाऱ्याला वेगळी. पुढे जेवढी वर्षं केबल चालवली तेवढी कोणतीही बातमी लावायच्या आधी मी टेप मधूनच लावून बघायची. कुठेही उघडली तरी कळली पाहिजे. लोक म्हणायचे, आंटीचा चॅनल साधा असतो पण समजतो. त्यांना काय माहीत!

आठवड्याभरानं इंदूताई आल्या. एकट्या, भाजीची पिशवी घेऊन. मी खुर्ची पुसून दिली. आणि धंद्याचंच बोलले. "ताई, घरी वायर परत जोडून देऊ का? तो तुकडा मी जपून ठेवलाय."

"नको," त्या म्हणाल्या. "रविवारी येतेय ती. जावईही येताहेत. त्यांना पुरणपोळी चालते का हो, तेलुगू लोकांना?"

"तेही करतात की. बोब्बट्लू म्हणतात."

"मग बरं." मग त्यांनी पिशवीत हात घातला, मेथीच्या जुडीखालून काही तरी काढलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं. फोनच्या तबकडीचं ते बारीक कुलूप.

"हे तुमच्याकडे ठेवा. आज उघडं आहे. घरात राहिलं तर एखाद दिवशी रागाच्या भरात परत लावतील."

"आणि किल्ली?" मी विचारलं.

"किल्ली त्यांच्या जुडीत आहे, असू दे तिथेच," इंदूताई म्हणाल्या आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या. "लागलाच कधी राग, तर बसू देत कुलूप शोधत."